दूधआईच्या मनगटावरची पट्टी

रोक्काजेल्साच्या चौकात कारंज्यावर जी दगडी बाई बसली आहे ती कोण, यावर गावात दोन माणसांचं कधी एकमत झालं नाही. शाळेचे मास्तर म्हणत, ही देमेत्रा, धान्याची देवी. लेक हरवली म्हणून सिसिलीभर रानोमाळ हिंडली आणि इतक्या दुःखातही परक्याचं मूल अंगावर घेऊन तिने वाढवलं. कापडं शिवणारी क्रोचिफिस्सा म्हणे, कुठली देवी नि काय, ही आपली संत आगाता. दुष्टांनी तिचे स्तन कापले आणि देवाने ते रातोरात परत दिले. खाटीक म्हणे, जुन्या सरदाराची ती ठेवलेली बाई होती. पण हे तो बायको दुकानात नसली तरच म्हणे. आणि खालच्या आळीत पाव भाजायची भट्टी चालवणारी मोम्मिना म्हणे, "बाळंतीण आहे ती. डोळ्यांना दिसत नाही का? एवढं कळलं की पुरे झालं, नाव-गाव कशाला पाहिजे?"

ती एका खडकावर पाय बाजूला घेऊन बसलेली आहे. डावा हात मांडीवर, उजवा पुढे केलेला. काही देते आहे की काही मागते आहे, तेही कुणाला ठरवता आलेलं नाही. कमरेच्या वर अंगावर चिंधी नाही आणि दोन्ही स्तनांतून पाण्याच्या दोन धारा खालच्या हौदात पडतात. उन्हाळ्यात डोंगरावरचे झरे आटले, की उजवी धार बंद पडते. डावी मात्र सुतासारखी का होईना, चालू राहते. म्हणून कुणी काही म्हणो, हाक मारताना सगळं गाव तिला दूधआईच म्हणतं.

पणजोबांच्याही आधीच्या काळात एक कडक प्रवचनकार गावात आला होता. त्याने तिला पाहिलं आणि छिन्नी-हातोडा घेऊन माणसं बोलावली. बायकांनी भांडण केलं नाही. ज्यांच्या ज्यांच्या मांडीवर तान्हं होतं त्या सगळ्या येऊन कारंज्याच्या कठड्यावर ओळीने बसल्या आणि पदराआड पाजत राहिल्या. एकीचं झालं की दुसरी. दिवस कलला तसा प्रवचनकार खेचरावर बसून पुढच्या गावाला निघून गेला. तेव्हापासून एक तडजोड चालत आली आहे. ईस्टरआधीच्या उपवासकाळात बाहेरून प्रवचनाला कुणी आलं, तर तेवढ्या दिवसांपुरतं दूधआईच्या अंगावर काहीतरी घालायचं. एरवी ती आहे तशी बरी आहे.

दुसरी एक रीत याहून जुनी. ज्या घरात बाळाला आईचं दूध पुरत नाही, त्या घराने बाळाला गुंडाळायची सुती पट्टी पहाटेच्या अंधारात नेऊन दूधआईच्या पुढे केलेल्या हाताला, मनगटापाशी बांधायची. बांधून झालं की मागे वळून बघायचं नाही, आणि कुणी येईपर्यंत त्या घरातल्या माणसाने दूधआईकडे मान वर करायची नाही. पाणी भरायला येणाऱ्या बायकांत जिच्या अंगावर दूध असेल ती पट्टी बघते, काठावरचं भरतकाम बघून कुणाच्या घरची ते ओळखते, पट्टी सोडून घेते आणि त्या घरी जाऊन म्हणते, "हे तुमचं पडलं होतं." मग बसते आणि पाजते. ना कुणी मागितलं, ना कुणी दिलं. पट्टी नसताना मात्र कुणी आपणहून जायचं नाही. तसं जाणं म्हणजे घरातल्या सुनेला तोंडावर वांझोटी म्हणण्यासारखं, आणि असल्या कारणावरून या गावात पिढ्यान्‌पिढ्या अबोला धरलेली घरं आहेत.

मोम्मिना आणि क्रोचिफिस्सा यांचाही अबोला होता, पण तो वर्षाचाच आणि त्याचं कारण अगदी निराळं.

दोघी एकाच आळीत वाढलेल्या. एकीला भाजण्याचं वेड, दुसरीला शिवण्याचं, आणि दोघींनाही गाऊन केलेल्या प्रवचनाचं. लहानपणी डोंगरापलीकडच्या गावात असं प्रवचन आहे म्हणून कळलं, की दोघी जोडे हातात घेऊन निघायच्या आणि परतताना संन्याशाची चाल गुणगुणत यायच्या. गेल्या वर्षी दूधआईसाठी खांद्यावरचा शेला शिवायचं काम क्रोचिफिस्साकडे आलं. तिने मोठ्या भक्तीने शिवला. पाणी अडवणं पाप, म्हणून छातीवर दोन गोल भोकं ठेवली आणि त्यांच्या कडांना काजाचं बारीक काम केलं. शेला घेऊन ती भट्टीवर आली. सगळ्या बायका कणकेचे गोळे घेऊन उभ्या होत्या.

मोम्मिनाने शेला उलगडून बघितला. हसू आवरेना.

"अगं क्रोचिफिस्सा, झाकायचं तेच बाहेर ठेवलंस की. आणि त्याला नक्षीही काढलीस, नजर चुकायला नको म्हणून."

"पाणी कुठून जाणार मग? डोक्यातून?"

"आणि हात बघ. दंडापर्यंत उघडे. संत आगाता म्हणतेस आणि कांदे विकायला बसवल्यासारखी दिसते की गं ती. शिवायचं तर पुरतं शिवावं."

बायका इतक्या हसल्या की एकीचा गोळा राखेत पडला. क्रोचिफिस्साने शेल्याची घडी घातली. ती निघाली आणि त्या दिवसापासून तिची भाकर वरच्या आळीतल्या भट्टीवर जाऊ लागली. मोम्मिनाला वाटलं, आठ दिवसांत येईल. आठवडे गेले, ईस्टर गेला, द्राक्षं तोडून झाली. वाटेत समोरासमोर आल्या तर क्रोचिफिस्सा भिंतीकडे बघून चालायची. मोम्मिनाही मग पोळलेल्या हाताने पाव उचलावा तशी घाईने पुढे व्हायची. चूक आपली आहे हे तिला कळत होतं. पण कबूल करायला जीभ वळत नव्हती, आणि एरवी हीच जीभ नको तिथे कशी सरसर वळायची.

यंदा उपवासकाळ लागला आणि मोम्मिनाच्या घरी पाळणा हलला. मुलगा लिबोरियो युद्धानंतर बेल्जियमला कोळशाच्या खाणीत गेलेला. घरात ती आणि सून व्हेनेरा. मुलगी झाली, फिलिप्पा. नाक थेट मोम्मिनाच्या नवऱ्याचं, तसंच जरा वाकडं. सासू हरखली. पण आठवड्याच्या आतच व्हेनेराला ताप भरला आणि ताप उतरेपर्यंत दूध आटून गेलं. पोर छातीशी झटायची, तोंड सोडायची आणि रडायची. मोम्मिनाने शेळीचं दूध पाणी घालून, उकळून, फडक्याने पिळून दिलं. पोरीने ते ओकून टाकलं. बडीशेपेचं पाणी दिलं; त्याने झोप आली, पोट भरलं नाही. खालच्या गावचा डॉक्टर येऊन बघून गेला. म्हणाला, "आजी, दूध पाजणारी बाई बघा. आणि लवकर बघा."

गावात त्या वेळी अंगावर दूध असलेली एकच होती, क्रोचिफिस्साची लेक जाचिंता. तिचा मुलगा चार महिन्यांचा, गुटगुटीत, आणि दूध इतकं की ती पोलक्याच्या आत घड्या घातलेलं फडकं ठेवायची. बाकीच्या बायकांची मुलं एक तर पावाचे तुकडे चघळायला लागलेली, नाही तर अजून पोटातच होती.

व्हेनेरा म्हणाली, "सासूबाई, मी जाते ना विचारायला. माझं नि जाचिंताचं काही भांडण नाही."

"तू अंथरुणातून हलायचं नाहीस. आणि विचारायचं असतं का कधी? रीत आहे ना त्याला."

शुक्रवारी पहाटे, चर्चची घंटा व्हायच्या आधी, मोम्मिना डोक्यावरून शाल घेऊन चौकात गेली. पट्टीच्या काठाला तिने स्वतः भरलेली तांबडी डाळिंबं होती. आळीतल्या कुठल्याही बाईने ती अंधारातसुद्धा ओळखली असती. कठड्यावर चढून तिने ती दूधआईच्या गार मनगटाला दोनदा गुंडाळून गाठ मारली. "तू बाळंतीण आहेस, तुला सांगायला नको," असं पुटपुटली आणि रीतीप्रमाणे मागे न बघता घरी आली. भट्टी पेटवली, ओटा पुसला, बसायला चांगली खुर्ची पुसून ठेवली.

कुणी आलं नाही.

म्हणजे बायका आल्या, पण कणीक घेऊन आल्या. येईल ती विचारी, "व्हेनेरा कशी आहे गं?" आणि विचारून गप्प उभी राही, मोम्मिनाच्या तोंडाकडे बघत. मोम्मिना म्हणे, "बरी आहे." आतून फिलिप्पाचं रडणं ऐकू येई. बाई आणखी थोडी थांबे, मग सुस्कारा टाकून गोळा ठेवून निघून जाई. मोम्मिनाला वाटे, बघायला येतात मेल्या. पट्टी बघितली, कुणाची ती ओळखली, आणि आता आपलं तोंड कसं दिसतं ते बघायला येतात. एकीने जाताजाता सांगितलं, "प्रवचनाला ते गाणारे संन्यासी, फ्रा सेराफिनो आलेत. दूधआईला क्रोचिफिस्साने नवा झगा शिवलाय." मोम्मिनाने फावडं भट्टीत इतकं जोरात सारलं की ठिणग्या उडाल्या. पोर इथे उपाशी आणि तिला दगडाला नटवायचं सुचतंय.

शनिवारीही तेच. रविवारी सकाळी फिलिप्पाचा आवाज बारीक झाला. रडणं परवडलं, पण हा आवाज मोम्मिनाला सोसवेना. व्हेनेराला नुकती झोप लागली होती, म्हणून पोरीला शालीत घेऊन ती बाहेर पडली. कुठे जायचं ठरवलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी आली आणि चौकातून व्हायोलिनचा सूर आला. त्यामागून फ्रा सेराफिनोचा आवाज आला, आणि तिचे पाय आपोआप तिकडे वळले.

या आवाजाबद्दल सगळ्या डोंगराळ भागात बोललं जाई. माणूस ठेंगणा, दाढी विरळ, कापुचिन मठाच्या झग्याला कोपरावर ठिगळ. बोलायला लागला की कुणी मान वर करून बघणार नाही. पण गायला लागला की कबुतरंसुद्धा बसल्या जागी बसून राहत. सोबतीला एक आंधळा व्हायोलिनवाला असे. संन्यासी एक ओळ गाई, मग साध्या बोलण्यात समजावी, हसवी, टोचे, आणि ऐकणारे हसत असतानाच पुढची ओळ अशी काही उचले की हसू घशातच अडके. मोम्मिना चौकाच्या कडेला एका कमानीच्या खांबाआड जाऊन बसली. दूधआईकडे बघायचं नाही, म्हणून कारंज्याकडे पाठ केली. नुसतं ऐकलं तर चालतं.

तो रविवार, येशूने विहिरीवर जिच्याकडे पाणी मागितलं त्या शोमरोनी बाईच्या गोष्टीचा होता.

"भर दुपार आहे," संन्यासी सांगत होता. "देव चालून चालून दमलाय. पाय धुळीने भरलेत. विहिरीच्या काठावर येऊन बसलाय. शिष्य गेलेत गावात भाकरी आणायला. शिष्यांना भूक फार लवकर लागते, आमच्या मठातही तसंच आहे. तर देव एकटा. आणि समोरून येते एक बाई. परक्या गावची, परक्या जातीची. देवाच्या लोकांचा आणि तिच्या लोकांचा अबोला. किती वर्षांचा? कुणालाच आठवत नाही. का धरला होता, तेही आठवत नाही."

लोक हसले. व्हायोलिनने एक सूर लांबवला आणि त्यावर त्याने गायला सुरुवात केली,

"ज्याने नद्या ओतल्या, ज्याने भरले सागर,
त्याच्या हाती दोर नाही, त्याच्यापाशी नाही घागर,
बाई, मला घोटभर पाणी दे."

ही शेवटची ओळ त्याने पुन्हा घेतली, मग तिसऱ्यांदा, आणि दर वेळी आवाज आणखी खाली आणला. तिसऱ्या वेळी तो मागणं शिकलेल्या मुलासारखा गात होता.

"आता मला सांगा," तो बोलण्यावर आला, "देवाला हे पाणी आकाशातून पाडता आलं नसतं का? दगडातून काढता आलं नसतं का? त्याने पूर्वी काढलंय. मग तिच्याकडे का मागितलं? कारण ज्याच्याकडे आपण कधी काही मागत नाही, त्याला आपण आपल्या खालचा समजतो. आणि देणं मोठं कठीण नाही हो. मीही देतो, आशीर्वाद देतो, फुकट असतो. मागणं कठीण. मागताना आपली मान खाली जाते आणि समोरच्याची वर होते. देवाने आपली मान खाली घातली, म्हणून त्या बाईची मान आयुष्यात पहिल्यांदा वर झाली."

मग पुन्हा तीच ओळ. आता सगळा चौक ती हळू आवाजात म्हणू लागला. मोम्मिनाच्याही ओठांवर ती आली, लहानपणच्या सवयीने. म्हणता म्हणता ती थांबली.

पट्टी कुणाकडे मागते? तिने स्वतःलाच विचारलं. सगळ्यांकडे मागते, म्हणजे कुणाकडेच मागत नाही. गावभर हसं केलं ते क्रोचिफिस्साचं, तिच्या नावाने केलं, तिच्या तोंडावर केलं. आणि गरज पडली तेव्हा दगडाच्या हाताला चिंधी बांधून घरी बसले, की आपली मान जशी आहे तशीच ताठ राहावी. मांडीवर फिलिप्पाने तोंड उघडलं, पण आवाज जेमतेम निघाला.

मोम्मिना उठली. खांबाआडून बाहेर आली. लोक बाकांवर, पायऱ्यांवर, घरून आणलेल्या खुर्च्यांवर बसले होते. ती त्यांच्यामधून वाट काढत पुढे गेली. क्रोचिफिस्सा पहिल्या रांगेत बसली होती, शेजारी जाचिंता. मोम्मिना तिच्यासमोर उभी राहिली. संन्याशाने आवाज थांबवला. आंधळ्याने मात्र काही न कळून आणखी दोन सूर वाजवले.

"क्रोचिफिस्सा," मोम्मिना म्हणाली, "तुझ्या जाचिंताला दूध आहे. माझ्या फिलिप्पाला नाही. पट्टी बांधली, कुणी आलं नाही. का आलं नाही ते मला ठाऊक आहे. माझ्या जिभेमुळे आलं नाही. पण जीभ माझी आहे, पोरीची नाही. आता तोंडाने मागते. दे."

क्रोचिफिस्सा जागेवरून अर्धी उठली.

"कुठली पट्टी?" ती म्हणाली.

"कुठली म्हणजे? डाळिंबाची. तूच टीप घालून दिली होतीस, लिबोरियो झाला तेव्हा."

"बांधलीस?"

"शुक्रवारी. पहाटे. माझ्या या हातांनी."

"मोम्मिना, दूधआईच्या हातावर पट्टी नाही. मी रोज बघते. जाचिंता रोज बघते. अगं, सगळी आळी बघते. पोर रडते ते ऐकू येत नाही का आम्हाला? आम्ही वाट बघतोय, ही बया बांधते कधी. मी हिला म्हटलंसुद्धा, किती ताठ मेली, पोर उपाशी ठेवील पण पट्टी बांधायची नाही."

"बांधलीय म्हणतेय ना," मोम्मिना म्हणाली, आणि रीत विसरून तिने वर बघितलं.

दूधआई निळ्या झग्यात बसली होती. गळा बंद. छातीवर काजाचं काम केलेली दोन भोकं, त्यांतून दोन धारा बिनघोर पडत होत्या. आणि बाह्या. लांब, झालर लावलेल्या, थेट तळहातापर्यंत आलेल्या बाह्या, मनगटाशी पांढऱ्या फितीने बांधलेल्या.

"बाह्या," मागून कुणीतरी म्हणालं.

क्रोचिफिस्साच्या तोंडावरचा रंग उडाला. "तूच म्हणाली होतीस, हात उघडे टाकले म्हणून. यंदा मी पुरते झाकले."

"अगं पण घालताना दिसली नाही का?"

"मी कशाला चढते तिथे, घागरा सावरत, चारचौघांत? गांदोल्फोने घातला. शुक्रवारी अंधारातच घंटा वाजवून आला आणि चढला. मी खालून सांगत होते, आता डावा, तुझा नव्हे, तिचा." ती वळली. "गांदोल्फो, इकडे ये जरा."

चर्चची घंटा वाजवणारा गांदोल्फो व्हायोलिनवाल्याच्या मागे जाण्याच्या बेतात होता. साठीचा, अविवाहित, आणि इतका पापभीरू की कोंबडी अंडं घालत असली तरी तोंड फिरवून उभा राहायचा.

"तुला हातावर काही बांधलेलं दिसलं नाही?"

"दिसेल कसं?" तो म्हणाला. "मी डोळे मिटले होते."

"डोळे मिटून झगा चढवलास?"

"परस्त्री आहे ती. आणि उपवासकाळ." त्याने घसा खाकरला. "हाताला काहीतरी ओलं, मऊ लागलं होतं खरं. मला वाटलं शेवाळ. पण चाचपून बघणं बरं दिसलं नसतं."

चौक हसू की नको अशा अवस्थेत होता. क्रोचिफिस्साने कुणाची वाट बघितली नाही. जोडे काढले, घागरा मुठीत धरला आणि संन्याशादेखत, सगळ्या गावादेखत कठड्यावर चढली. पाण्याची धार पाठीवर घेत तिने फीत सोडली आणि बाही वर सारली. आत पट्टी होती, भिजून दगडाला चिकटलेली, डाळिंबांचा तांबडा रंग कडेने फुटलेला. गाठ ओली झाल्याने सुटेना. तिने ती दातांनी सोडली.

खाली उतरून तिने पट्टी मोम्मिनासमोर धरली. रीतीप्रमाणे बोलायचे शब्द बोलायचे होते, पण ते काही बाहेर आले नाहीत. "मी शिवलेली बाही," एवढंच ती म्हणाली.

"मी सांगितलेली," मोम्मिना म्हणाली.

जाचिंता या दोघींसाठी थांबली नव्हती. फिलिप्पाचा तो बारीक आवाज कानावर पडताच तिच्या पोलक्यावर दोन ओले डाग पसरले होते. तिने आपलं पोर शेजारणीच्या मांडीत दिलं, मोम्मिनाच्या हातातून फिलिप्पाला घेतलं आणि कारंज्याच्या कठड्यावर बसून शालीआड छातीशी लावलं. पोरीने आधी तोंड फिरवलं. जाचिंताने बोटाने तिचा गाल खाजवला. पुन्हा फिरवलं. मग शालीच्या आतून एक आवाज आला, घाईचा, हावरट, गचक्यागचक्याने गिळल्याचा. ठसका लागला, थांबला, पुन्हा सुरू झाला.

"हळू गं बाई," जाचिंता म्हणाली. "कुणी घेऊन पळत नाही."

मोम्मिना तिथेच हौदाच्या पायरीवर बसली. क्रोचिफिस्सा तिच्या शेजारी बसली. घागऱ्यातून पाणी ठिबकत होतं. दोघीही एकमेकींकडे बघत नव्हत्या, पण खांद्याला खांदा लागला होता.

फ्रा सेराफिनो अजून उभाच होता. "पुढे गाऊ, की इथेच आटपतं घेऊ?" त्याने विचारलं, आणि प्रश्न कुणाला आहे ते न कळल्याने सगळ्यांनी क्रोचिफिस्साकडे बघितलं.

"गा बाबा," ती म्हणाली. "पण खालच्या पट्टीत. पोर दचकेल."

तो गायला. त्या दिवशी प्रवचनाचा शेवट असा खालच्या आवाजात झाला, की मागे बसलेल्यांना पुढे सरकून बसावं लागलं. आणि ज्यांनी ज्यांनी ते ऐकलं, ते पुढे म्हणत, सेराफिनोबाबा इतका चांगला कधीच गायला नव्हता. मास्तरांनी उठून आपली टोपी काढली. देमेत्रेसाठी काढली, की आगातासाठी, ते त्यांना कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी भट्टी निवत आली होती, तेव्हा दारात क्रोचिफिस्सा उभी राहिली, मागे जाचिंता, तिच्या काखेत मुलगा. कुणी या म्हणायच्या आधी तिघं आत आली. जाचिंता व्हेनेराच्या खाटेवर जाऊन बसली आणि दोघी पोरी लगेच कुजबुजायला, हसायला लागल्या. क्रोचिफिस्साने चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचललं.

"हे काय आहे?"

"व्हेनेरासाठी रस्सा."

"ह्याला रस्सा म्हणतेस? कोंबडी नुसती यातून चालत गेलेली दिसतेय. आजारातून उठलेल्या पोरीला हे? मसूर आहेत का घरात? चांगले शिजव, तिचंही येईल हळूहळू दूध."

मोम्मिनाने मसूर काढून दिले. क्रोचिफिस्सा ते निवडायला बसली. मोम्मिना समोर उभी राहिली, हात पुसले, पुन्हा पुसले.

"क्रोचिफिस्सा, गेल्या वर्षी मी भट्टीवर जे बोलले…"

"प्रवचन नको. आज एक ऐकून झालंय माझं."

"बरं, ते राहू दे. पण आणखी एक मागायचंय."

"माग की. आता काय जीभ सैल झालीय तुझी."

"पहाटे ती फार रडते. सगळ्यांत जास्त पहाटे. जाचिंताला अंधारात तेवढी वाट…"

क्रोचिफिस्साने मसुरातला एक खडा काढून चुलीत टाकला. "म्हणजे आम्ही इथे झोपायचं म्हणतेस."

"भट्टीची ऊब आहे. गादी आहे. दोघी-तिघी मावतात."

"मला झोपेत घोरायची सवय आहे."

"ठाऊक आहे. पलीकडच्या डोंगरावर प्रवचनाला जायचो, तेव्हापासून ठाऊक आहे."

आतून व्हेनेराचं हसू ऐकू आलं, आणि मग फिलिप्पाची पोट भरल्यावरची मोठी ढेकर. एवढ्याशा जिवाची इतकी मोठी, की सगळ्याच क्षणभर थांबल्या. मोम्मिनाने गादी ओढून भट्टीच्या बाजूला अंथरली. चादर काढली, कांबळी काढली. उशी मात्र घरात एकच होती, ती व्हेनेराच्या डोक्याखाली.

मोम्मिना दार उघडून बाहेर आली. शेजारच्या घरात दिवा होता. आजवर त्या दारावर ती कधी मिठालाही गेली नव्हती. तिने कडी वाजवली आणि आळीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दोन उशा द्या गं जरा. माझ्याकडे माणसं राहायला आलीत."